अंगठ्या आणि आकडे: बास्केटबॉलपटूची थोरवी मोजण्याच्या दोन रीती

विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ च्या हंगामात दर सामन्यामागे ५०.४ गुण केले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये त्याच्याखेरीज कोणालाही आजवर हंगामभर चाळिसाचीसुद्धा सरासरी राखता आलेली नाही. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या गावी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने एकट्याने १०० गुण केले. त्याच हंगामात ऑस्कर रॉबर्टसनने गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू मिळवणे) आणि असिस्ट (ज्यावर सहकारी गुण करतो तो पास) या तिन्हींची सरासरी दोन आकडी ठेवली. इतके असूनही हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार गेला बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलकडे, आणि त्याची सरासरी होती १८.९ गुणांची. हा पुरस्कार तेव्हा खेळाडूंच्याच मतांवर ठरत असे. चेंबरलेनला अडवताना ज्यांची दमछाक होत होती त्याच लोकांनी रसेलला अधिक मोलाचा ठरवले. एप्रिलमध्ये सेल्टिक्सने सलग चौथे विजेतेपद मिळवले.

बास्केटबॉलमधल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत चिवट वादाचे मूळ या मतदानात आहे. खेळाडूची थोरवी कशाने ठरवायची, त्याच्या संघाने जिंकलेल्या विजेतेपदांनी की त्याच्या स्वतःच्या आकडेवारीने? एनबीएत विजेत्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला अंगठी मिळते. म्हणून पहिल्या पक्षाला अंगठ्या मोजणारा पक्ष म्हटले जाते, तर दुसऱ्याचा विश्वास कागदावरच्या नोंदींवर असतो. दोन्ही बाजू आपापले माप अंतिम समजतात आणि वाद तिथेच अडकतो. विजेतेपद हे संघाच्या यशाचे माप आहे, आणि आकडेवारी हे त्या काळी ज्या गोष्टी मोजायचे ठरले होते त्यांचे. खेळाडू किती मोठा होता या प्रश्नापुरते बोलायचे, तर दोन्ही केवळ पुरावे आहेत, आणि कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे हे काळानुसार बदलते.

विजेतेपदाचा मुद्दा बास्केटबॉलमध्ये इतका जोर धरतो त्याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. कोर्टवर एका बाजूचे पाचच खेळाडू असतात. ४८ मिनिटांच्या सामन्यात प्रमुख खेळाडू सहज चाळीसेक मिनिटे खेळतो, आणि तोच आक्रमणही करतो व बचावही. फलंदाजाला बाद झाल्यावर तंबूत परतावे लागते आणि पुढचे काम इतरांवर सोडावे लागते. बास्केटबॉलमध्ये मात्र संघ ठरवेल तितक्या वेळा चेंडू एकाच माणसाच्या हाती देता येतो. शिवाय एका सामन्यात प्रत्येक संघाला चेंडूचा ताबा सुमारे शंभर वेळा मिळतो आणि बाद फेरीतली लढत सात सामन्यांपर्यंत चालते. एखाददुसऱ्या गोलावर निकाल लागणाऱ्या फुटबॉलच्या मानाने इथे नशिबाला वाव कमी. सरस संघ बहुधा जिंकतोच. पाचांतला एक माणूस विलक्षण असेल तर संघ सरस होण्याची शक्यताही मोठी. तेव्हा थोर खेळाडूने कधीतरी जिंकून दाखवले पाहिजे ही अपेक्षा निव्वळ भाबडी नाही.

आकडेवारीच्या बाजूला पहिली अडचण येते ती काळाची. १९६१-६२ मध्ये खेळ भरधाव चालत असे आणि नेम आजच्या मानाने पुष्कळ चुकत. एक संघ सामन्यात शंभराहून अधिक वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू फेकायचा. आज हा आकडा नव्वदीच्या आसपास असतो. हुकलेल्या प्रत्येक फेकीनंतर रिबाउंड कोणीतरी घेणारच, त्यामुळे संघामागे सामन्याला सत्तरच्या घरात रिबाउंड पडत, तर आज चाळीस-पंचेचाळीस. रसेल आणि चेंबरलेन दोघांचीही कारकिर्दीतली रिबाउंडची सरासरी बाविसाच्या वर आहे. त्यातला बराच वाटा त्यांच्या पराक्रमाचा आणि काही वाटा त्या काळच्या चुकलेल्या नेमांचा. चेंबरलेनने त्या हंगामात सरासरी ४८.५ मिनिटे खेळ केला, म्हणजे जादा वेळ धरून जवळजवळ प्रत्येक सामना अथपासून इतिपर्यंत. आज कोणताही प्रशिक्षक आपल्या खेळाडूला असे राबवणार नाही. तीन गुणांची रेषा एनबीएत १९७९-८० मध्ये आली. तिच्याआधीचे आणि तिच्यानंतरचे गुण एकाच तागडीत घालता येत नाहीत.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आकडे चढवायचे कशाचे, हेच मुळात कोणीतरी ठरवलेले असते. ब्लॉक (फेक हवेतच अडवणे) आणि स्टील (चेंडू हिरावणे) यांची अधिकृत नोंद एनबीएत १९७३-७४ पासून सुरू झाली, टर्नओव्हरची (चेंडू गमावण्याची) त्याहून नंतर. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. म्हणजे ज्या कामात तो त्या काळातला, आणि अनेक जाणकारांच्या मते सर्व काळातला, सर्वांत निष्णात खेळाडू होता, त्या कामाचा एकही अधिकृत आकडा उपलब्ध नाही. चेंडू जोरात टोलवून प्रेक्षकांत भिरकावणे हा बचावाचा दिखाऊ प्रकार. रसेल तो टाळायचा. तो चेंडू हलकेच थोपटून कोर्टातच ठेवायचा, शक्यतो आपल्या गड्याच्या हाती. तिथून सहकारी बॉब कूझीचा वेगवान प्रतिहल्ला सुरू व्हायचा. प्रतिस्पर्ध्याची फेक वाया गेली ती गेलीच, वर दोन गुण उलटे पडले. यापेक्षाही मोठे काम म्हणजे जे फेकलेच गेले नाही ते. रसेल बास्केटजवळ उभा आहे हे पाहून कित्येक खेळाडू आत शिरणे टाळत आणि लांबून अवघड नेम धरत. कागदावर यातले काहीच उतरत नाही.

इथे विजेतेपदे पुरावा म्हणून कामी येतात, पण तीही नुसती मोजून भागत नाही. रसेलच्या आधी सेल्टिक्सकडे प्रशिक्षक रेड आवरबाख होते, कूझी होता, बिल शार्मनसारखा नेमबाज होता. १९५० पासून हे सारे जुळत आले होते, पण संघ अंतिम मालिकेपर्यंत एकदाही पोहोचला नव्हता. गुण भरपूर व्हायचे आणि तितकेच दिलेही जायचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकून रसेल त्या डिसेंबरात संघात दाखल झाला आणि १९५७ मध्ये सेल्टिक्स पहिल्यांदा विजेते ठरले. १३ हंगामांत ११ विजेतेपदे झाली. त्यांतली शेवटची दोन त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी मिळवली. या काळात सहकारी बदलत गेले. कूझी गेला, शार्मन गेला, टॉम हाइनसन गेला, आवरबाख यांनी प्रशिक्षकपद सोडले, तरी जिंकणे थांबले नाही. नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजांनुसार या संघाचे आक्रमण बहुतेक वर्षी सामान्यच होते; बचाव मात्र लीगमध्ये अव्वल. रसेल निवृत्त झाला त्याच्या पुढच्याच हंगामात सेल्टिक्स ४८ सामने हरले आणि बाद फेरीपर्यंतही गेले नाहीत. तो येण्याआधी, तो असताना आणि तो गेल्यावर, अशी तिन्ही चित्रे शेजारी ठेवली की ११ या आकड्याला अर्थ येतो. नुसता ११ तो अर्थ देत नाही.

चेंबरलेनची कहाणी याच्या उलट आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात ती त्याच दिशेने जाते. पन्नासाच्या सरासरीचा हंगाम ही त्याची हाव नव्हती. प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांची योजनाच तशी होती. पुढच्या वर्षी त्याचा संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथे चेंबरलेनने ४४.८ ची सरासरी गाठली आणि संघ ८० पैकी ४९ सामने हरला. १९६६-६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सेव्हन्टीसिक्सर्स संघात प्रशिक्षक अलेक्स हॅनम यांनी त्याला नेम कमी धरायला, चेंडू वाटायला आणि बचावावर भर द्यायला सांगितले. त्याची सरासरी २४.१ पर्यंत उतरली, संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले, रसेलच्या सेल्टिक्सना पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत ४-१ ने हरवले आणि विजेतेपद मिळवले. दुसरे विजेतेपद १९७२ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडून आले. तेव्हा त्याची सरासरी १४.८ होती आणि प्रशिक्षक होते रसेलचे जुने सहकारी बिल शार्मन. त्या हंगामात लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले. चेंबरलेनचे गुण सर्वाधिक असताना संघाला विजेतेपद मिळत नव्हते आणि गुण घटले तेव्हा ते मिळाले. यावरून गुणांची किंमत शून्य ठरत नाही. संघाची गरज ओळखून खेळणे हेही कौशल्य आहे आणि गुणांच्या रकान्यात ते दिसत नाही, एवढे मात्र यातून नक्की कळते.

तरीही अंगठ्या मोजणाऱ्यांनी एका हिशेबापाशी थांबले पाहिजे. रसेल आणि चेंबरलेन यांच्या संघांमध्ये १९६२, १९६५, १९६८ आणि १९६९ अशा चार मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेल्या. निकाल होते १०९-१०७, ११०-१०९, १००-९६ आणि १०८-१०६. चारही सेल्टिक्सने जिंकल्या. चारही मिळून फरक अवघा नऊ गुणांचा. १९६५ चा सामना सेल्टिक्सच्या जॉन हॅवलिचेकने शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याचा पास हिरावल्यामुळे वाचला. १९६९ मध्ये चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला होता, आणि तो परत उतरायला तयार असूनही प्रशिक्षकांनी त्याला उतरवले नाही. १९६२ मध्ये त्यानंतरच्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात लेकर्सच्या फ्रँक सेल्व्हीचा नियमित वेळेतला शेवटचा नेम बास्केटच्या कडीला लागून बाहेर पडला. तो आत पडता तर सेल्टिक्सचे त्या वर्षीचे विजेतेपद गेलेच होते. त्या सामन्यात रसेलने ३० गुण आणि ४० रिबाउंड मिळवले होते. सेल्व्हीचा चेंडू आत गेला असता तर रसेलची ही कामगिरी तसूभरही कमी झाली नसती, पण अंगठी गेली असती.

याचे उत्तरही आहे, आणि ते प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. रसेल एनबीएत दहा वेळा सातवा, निर्णायक सामना खेळला आणि दहाही वेळा जिंकला. हे नुसते नाणेफेकीवर सोडले तर हजारात एकदा घडावे इतके दुर्मीळ. एकेका सामन्यात नशीब होतेच. दहाही सामन्यांत नशीबच होते असे म्हणणे कठीण आहे.

विजेतेपदांच्या संख्येवर आणखी दोन गोष्टींची छाया पडते. पहिली म्हणजे लीगचा आकार. रसेल आला तेव्हा एनबीएत आठ संघ होते, आणि विभागात पहिल्या आलेल्या संघाला दोन मालिका जिंकल्या की विजेतेपद मिळे. आज ३० संघ आहेत आणि चार मालिका जिंकाव्या लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे सहकारी. रसेलचा सहकारी सॅम जोन्स याच्या नावावर दहा अंगठ्या आहेत. रॉबर्ट हॉरीकडे ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो अशा तीन शहरांतून मिळवलेल्या सात आहेत, आणि त्याची कारकिर्दीतली सरासरी आहे ७ गुणांची. हॉरीने ऐन मोक्याला घेतलेले नेम अविस्मरणीय आहेत. पण सहा अंगठ्यांच्या मायकल जॉर्डनवर त्याला कोणीही बसवत नाही. अंगठ्या मोजणारेही आधी मनाशी थोर खेळाडूंची यादी करतात आणि मग त्या यादीपुरत्याच अंगठ्या मोजतात. ती यादी बनते आकड्यांवरून आणि डोळ्यांनी पाहिलेल्या खेळावरून. हे मान्य केले की नुसत्या अंगठ्यांचे माप स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही हे उघड होते.

याच्या विरुद्ध टोकाला एल्जिन बेलर आहे. तो लेकर्सकडून कितीतरी अंतिम मालिका हरला, गुडघ्याच्या दुखण्याने १९७१-७२ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच निवृत्त झाला, आणि तो गेल्यावर लगेच त्या संघाची ती ३३ विजयांची मालिका सुरू झाली. त्याचा सहकारी जेरी वेस्ट १९६९ ची अंतिम मालिका हरूनही तिच्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंतिम मालिकेचा हा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता. त्यानंतर तो पराभूत संघातल्या कोणालाही मिळालेला नाही. २०१५ च्या अंतिम मालिकेत लेब्रॉन जेम्सने सरासरी ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड आणि ८.८ असिस्ट केले. त्याचे दोन प्रमुख सहकारी जखमी होते. संघ हरला आणि पुरस्कार विजेत्या संघातल्या आंद्रे इग्वोडालाला गेला. मत देणाऱ्यांच्या नजरेवर निकालाचा प्रभाव किती गडद असतो याचे हे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

अंगठ्यांचा हिशेब आजच्या इतका सर्वमान्य झाला तो मुख्यतः जॉर्डनमुळे. त्याच्या पहिल्या सहा वर्षांत टीका नेमकी उलटी होती. १९८६-८७ मध्ये त्याने ३७.१ ची सरासरी काढली, शिकागो बुल्स निम्म्याहून अधिक सामने हरले आणि पहिल्याच फेरीत ३-० ने बाद झाले. सर्वाधिक गुण करणारा खेळाडू संघाला विजेतेपद मिळवून देऊ शकत नाही, असे तेव्हा बोलले जाई. या बोलण्याला आधारही होता: १९७१ मध्ये करीम अब्दुल-जब्बारने दोन्ही गोष्टी एकाच हंगामात साधल्या, त्यानंतर वीस वर्षे ते कोणालाच जमले नाही. पुढे सहकारी स्कॉटी पिपेन घडत गेला, प्रशिक्षक फिल जॅक्सन आले, टेक्स विंटर यांची चेंडू फिरता ठेवणारी त्रिकोणी रचना आली, आणि १९९१ ते १९९८ या काळात बुल्सने सहा विजेतेपदे मिळवली. १९८७ चा जॉर्डन १९९१ च्या जॉर्डनपेक्षा सामान्य होता का? थोडा अननुभवी होता, इतकेच. बदल मुख्यतः भोवतालच्या माणसांत झाला. तो १९९३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा बुल्सचे विजय ५७ वरून ५५ वर आले, केवळ दोनच कमी. यावरून काही जण त्याचे मोल उणे करतात, पण ते घाईचे आहे: त्याच्या पुढच्या हंगामात तो परत येईपर्यंत संघाची नोंद होती ३४ विजय आणि ३१ पराभव. एका हंगामाचा हिशेब पुरेसा नसतो.

सहकारी मिळण्याचा प्रश्न काळागणिक वेगळा आहे. १९७६ मध्ये रॉबर्टसनच्या नावाने चाललेल्या खटल्यात तडजोड झाली. तोवर करार संपला तरी खेळाडू संघाला बांधलेलाच असे. रसेलला आवरबाख लाभले यात त्याची निवड नव्हती; चेंबरलेनला कमकुवत सॅन फ्रान्सिस्को लाभले यातही नव्हती. पुढे खेळाडू आपले संघ निवडू लागले. लेब्रॉन २०१० मध्ये मायामीला गेला, केव्हिन ड्युरंट २०१६ मध्ये आधीच बलाढ्य असलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला आणि दोन विजेतेपदे मिळवून आला. ड्युरंट दोन्ही वेळा अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी त्या अंगठ्यांना लोक कमी किंमत देतात. ही नापसंती नैतिक वाटते. पण तिच्या मुळाशी साधा तर्क आहे. संघ त्याच्याविनाही जिंकण्याच्या बेतात असेल तर त्या विजयातून त्याच्याविषयी फारसे नवे काही कळत नाही.

गेल्या पाव शतकात मोजणीच बदलली. खेळाडू कोर्टवर असताना संघ किती गुणांनी पुढे जातो आणि तो बाहेर बसल्यावर काय होते, याचा हिशेब ठेवला जाऊ लागला. मग सोबतचे नऊ खेळाडू कोण होते हे लक्षात घेऊन तो हिशेब दुरुस्त करण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती आल्या. उदाहरणार्थ, ह्यूस्टन रॉकेट्सच्या शेन बॅटिएचे गुण, रिबाउंड, असिस्ट सगळेच बेताचे. पण तो खेळत असताना त्याचा संघ सुधारायचा आणि समोरचा नामांकित खेळाडू नेहमीपेक्षा खराब नेम धरायचा. २०१३-१४ पासून प्रत्येक एनबीए स्टेडियममध्ये खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसले, आणि कोणाच्या अंगावर किती फेकी कशा झाल्या हेही मोजता येऊ लागले. रसेलच्या वेळी हे असते तर पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद बहुधा इतका लांबला नसता. या पद्धतींनाही मर्यादा आहेत. दोन खेळाडू कायम एकत्रच खेळत असतील तर श्रेय कोणाचे हे गणिताला वेगळे करता येत नाही, आणि एका मालिकेच्या पाच-सात सामन्यांतून निघालेला आकडा फार डळमळीत असतो.

म्हणून जुन्या काळाचा विचार करताना विजेतेपदांवर अधिक भिस्त ठेवणे योग्य आहे, कारण दुसरा पुरावा तुटपुंजा आहे. मोजणी जसजशी बारीक होत गेली तसतसा अंगठीवरचा भार उतरायला हवा होता. प्रत्यक्षात टीव्हीवरच्या चर्चांमध्ये तो वाढला. याचा फटका सर्वाधिक बसतो तो चार्ल्स बार्कली, कार्ल मलोन, जॉन स्टॉक्टन अशा अंगठीविना राहिलेल्या खेळाडूंना. मलोन आणि स्टॉक्टन यांचा युटा जॅझ १९९७ आणि १९९८ अशी दोन वर्षे अंतिम मालिकेत पोहोचला आणि दोन्ही वेळा समोर जॉर्डनचे बुल्स होते. स्टॉक्टनचे १५,८०६ असिस्ट आजही एनबीएतला उच्चांक आहेत. त्याच्या नावापुढे अंगठी नाही, एवढ्यावरून त्याच्याविषयी फारसा निष्कर्ष काढता येत नाही.

अलीकडचे सर्वांत स्वच्छ उदाहरण डेन्व्हर नगेट्सच्या निकोला योकिचचे आहे. २०२१-२२ मध्ये तो एकाच हंगामात २,००० गुण, १,००० रिबाउंड आणि ५०० असिस्ट करणारा एनबीएतला पहिला खेळाडू झाला आणि सलग दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचा सहकारी जमाल मरे हंगामभर बाहेर होता आणि नगेट्स पहिल्याच फेरीत वॉरियर्सकडून ४-१ ने हरले. पुढच्या हंगामात योकिचच्या गुणांची सरासरी २७.१ वरून २४.५ वर आली आणि सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडला मिळाला. मात्र मरे परतला होता. २०२३ च्या बाद फेरीत एकूण गुण, एकूण रिबाउंड आणि एकूण असिस्ट या तिन्हींत योकिच सर्व खेळाडूंच्या पुढे राहिला, जे त्याआधी कोणालाही जमले नव्हते, आणि नगेट्सने आपले पहिले विजेतेपद मिळवले. या दोन वर्षांत योकिच जवळपास तोच होता. भोवतालचा संघ वेगळा होता.